उशिरा हरणारी मुलगी

आमच्या जपानमधल्या, इचिकावाच्या घरात एक नियम आहे. लेकीला तिच्या मॅचबद्दल आधी काही विचारायचं नाही, आणि नंतर "हे ठरलेलं होतं का गं?" असंही विचारायचं नाही. नियम तिने केला, तिच्या बाबांनी लगेच मान्य केला आणि मी भरपूर कुरकुर करून पाळला. न विचारता गप्प बसणं मला जमत नाही. माझं कामच विचारण्याचं आहे. एका संशोधन संस्थेत मी धातूच्या पट्ट्या यंत्रात अडकवून मोडेपर्यंत वाकवते आणि कितव्या वाकवण्याला मोडल्या ते नोंदवते. घरात मात्र माझी स्वतःची मुलगी दर पंधरा दिवसांनी दोरांच्या चौकोनात जाऊन कोणाकडून तरी आपटून घ्यायची, आणि मला फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायची परवानगी होती.

लेक व्यावसायिक कुस्ती करते. लाल मातीतली नाही. रिंगमधली, चमकत्या कपड्यांतली, जिच्यात एक गोष्ट चालू असते ती. कोण जिंकणार हे आधी ठरतं. पडणं मात्र खरं असतं आणि लागतंही खरं. तिच्या पाठीवरचे निळे डाग मी तेल लावताना पाहिले आहेत. माझ्या धाकट्या भावाला पुण्यात फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे नुरा कुस्तीच की, ताई!" ठरवून केलेल्या खोट्या कुस्तीला आपल्याकडे हेच नाव आहे आणि ते शिवीसारखं वापरतात. मला उत्तर सुचलं नाही. त्याचा राग आला, आणि तो मी नेहमीप्रमाणे लेकीवर काढला.

आम्ही इथे दोन वर्षांसाठी आलो होतो, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी. तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता सव्वीस वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही विचित्र वाटेनासं झालं आहे. "आई" आणि "बाबा" एवढे दोन शब्द तेवढे मराठी राहिले. तेव्हा इथे पुढे तिची वाक्यं मी मराठीत लिहीत असले तरी ती जपानीत बोललेली आहेत असं समजावं.

कुस्तीसाठी मी अट घातली होती, आधी डिग्री पूर्ण कर. तिने ती शिस्तीत पूर्ण केली. शिकता शिकता एका छोट्या स्वतंत्र कुस्तीसंघात सराव सुरू केला आणि पदवीचा कागद ज्या आठवड्यात माझ्या हातात ठेवला त्याच आठवड्यात स्वतःच्या पहिल्या मॅचचं पत्रकही ठेवलं. संघ म्हणजे बारा-तेरा माणसं. अध्यक्ष स्वतः व्हॅन चालवतात, दारात तिकिटं फाडतात आणि मॅच सुरू झाल्याची घंटाही तेच वाजवतात. कुस्तीगीर सकाळी येऊन स्वतःच रिंग उभी करतात, खुर्च्या मांडतात, खेळून झाल्यावर घामाने निथळत दाराशी उभ्या राहून प्रेक्षकांना निरोप देतात आणि मग रिंग सोडवून पुन्हा व्हॅनमध्ये भरतात. सगळं करून कोणाकडे बेकरीतली नोकरी, कोणाकडे पाळणाघर. माझी लेक आठवड्यातले चार दिवस एका कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, उभी असते.

ती सरावात होती तेव्हा मी एकदा खेळ पाहायला गेले. तिची मॅच नव्हती. तिचं काम एकच होतं. कोणी ज्येष्ठ कुस्तीगीर रिंगमध्ये शिरायला आली की ही धावत जायची, मधल्या दोरावर बसून तो खाली दाबायची, वरचा दोर हाताने उचलून धरायची आणि त्या बाईला आत जायला वाट करून द्यायची. खेळ संपला की बाहेर यायला पुन्हा तेच. दुपारभर हेच. घरात स्वतःचा चहाचा कप न उचलणारी माझी मुलगी तिथे मान खाली घालून दोर धरत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. परतताना मी नवऱ्याला म्हणाले, "दार उघडायला ठेवलीय का तिला? एवढी शिकलेली मुलगी!"

"नवीन माणूस जुन्यांसाठी दोर धरतं. तशी पद्धत आहे त्यांची," नवरा म्हणाला. तो कधीच आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडायलाही मजा येत नाही.

मग तिची पहिली मॅच झाली. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांनी तोंड उघडायचं नाही, फक्त टाळ्या वाजवायच्या, असा तेव्हा नियम होता. समोर संघातली सगळ्यात ज्येष्ठ बाई होती. तिला सगळे नुसतं सेनपाई म्हणतात, म्हणजे आपल्या आधीपासून असलेली. सेनपाई माझ्याहून चार वर्षांनी लहान, तिचे गुडघे मात्र माझ्याहून बरेच म्हातारे. सकाळी ती एका दुकानात बटाट्याचे क्रोकेट तळते. तिनेच माझ्या मुलीला शिकवलं होतं. तिने मुलीला पालथं पाडलं, तिच्या कमरेवर बसली आणि तिचे दोन्ही पाय मागे ओढले. या पकडीला इथे उलटी कोळंबी म्हणतात. माझ्या लेकीने चार मिनिटांत जमिनीवर हात आपटून हार मानली. सेनपाईने हात मिळवला नाही, वळूनही पाहिलं नाही. शेकडो माणसांच्या त्या शांततेत मला लेकीचा श्वास ऐकू येत होता. त्यानंतर मी जायची नाही असं ठरवलं. लोकांना वाटायचं मी रागावले आहे. खरं सांगायचं तर मला ते बघवलं नाही.

नवरा मात्र जात राहिला. एकही खेळ त्याने चुकवला नाही. खेळाच्या आधी दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावर कागदी फितींची गुंडाळी घेऊन बसायचा. इथे कुस्तीगिराचं नाव पुकारलं की तिचे चाहते तिच्या रंगाच्या फिती रिंगमध्ये फेकतात. पण गुंडाळीच्या पोटात पुठ्ठ्याची कडक नळी असते, ती कोणाला लागू नये म्हणून फीत पूर्ण उलगडून, नळी काढून, हाताने पुन्हा गुंडाळावी लागते. लेकीचा रंग झेंडूचा केशरी. ऑफिसातून आलेला माणूस कोट काढून तासन् तास केशरी फिती गुंडाळताना पाहिला की मी नाक मुरडायची आणि म्हणायची, "हार तरी ठरलेलीच आहे ना?"

"हो. पण दर वेळी ती उशिरा हरते," तो म्हणायचा.

मी हे वाक्य तेव्हा कानाआड केलं.

अशी तीन वर्षं गेली. मागच्या वर्षी पावसाळा संपताना एका सकाळी लेक नाश्त्याला बसली आणि टोस्टवर मध लावता लावता म्हणाली की एका मोठ्या कंपनीने अध्यक्षांना फोन केला होता. मोठं स्टेडियम, टीव्हीवर प्रक्षेपण, आणि परदेशातून येणाऱ्या एका जगप्रसिद्ध कुस्तीगिराशी तिची मॅच. शाळेत असताना हिच्या खोलीच्या दारावर त्याच बाईचं पोस्टर होतं. त्याच्या कोपऱ्यांना लावलेली चिकटपट्टी अजून दारावरून निघालेली नाही. अशा मॅचला इथे ड्रीम मॅच म्हणतात. एरवी कधी समोरासमोर येणार नाहीत अशा दोघींना एकदाच एका रिंगमध्ये उभं करायचं.

त्या दिवशी लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. इतकं मोठं स्थळ आपणहून चालून आलं होतं! दुपारी डबा खाता खाता मी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहून टाकलं: आमच्या लेकीची जगप्रसिद्ध कुस्तीगिराशी मॅच, सगळ्यांनी यायचं आहे. तासाभरात छत्तीस नावं आली. आपल्या लोकांचा उत्साह काय सांगावा! जवळच उरायासूला राहणाऱ्या काकूंनी लगेच यादी केली, कोण कोणत्या स्टेशनवर भेटणार ते ठरवलं आणि बटाटेवड्यांची जबाबदारी तीन घरांत वाटून दिली. भावालाही मी लांबलचक निरोप पाठवला. त्यात नुरा कुस्तीचा उल्लेख केला नाही, पण तो त्याला आठवावा अशी माझी इच्छा होती.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी विचारलं, "मग, हो कळवलंस ना?"

"मी नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

ज्या रविवारी ती मोठी मॅच होती, त्याच रविवारी त्यांच्या छोट्या हॉलमध्ये सेनपाईची शेवटची मॅच होती. गुडघ्यामुळे ती थांबणार होती. शेवटची मॅच कोणाशी, हे तिने जाहीर केलं नव्हतं. मागच्या खेळात तिने रिंगमध्ये उभं राहून विचारलं होतं, कोण येतंय? आणि माझी लेक मागच्या पडद्यातून चालत येऊन समोर उभी राहिली होती. सेनपाई म्हणाली होती, तू मला अजून एकदाही हरवलेलं नाहीस.

"ती गोष्ट आहे गं! लिहिलेली!" मी ओरडले. "अध्यक्षांना म्हणावं दुसरी लिहा. ही खरी संधी आहे, जन्मात एकदा येते."

"तिकडे कोणीही चालेल, आई. त्यांना एक इंडियन मुलगी हवी आहे, पोस्टर छान दिसेल म्हणून. मी नाही गेले तर दुसरी जाईल आणि कोणाला काही कळणार नाही. इकडे मी नाही गेले तर ही गोष्ट अर्धीच राहील. तिच्यासमोर दुसरं कोणी उभं राहून चालत नाही."

"आणि तुझं काय होणार?"

ती उठली. खोलीत गेली. मी तिच्या पाठीमागून बरंच बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एका वाक्यात मात्र मी म्हणाले की तीन वर्षं दोर धरून धरून तुला नोकरासारखी सवय लागली आहे. दार लागल्याचा आवाज अगदी हळू आला, तोच जास्त लागला.

आता ग्रुपला काय सांगायचं? चार दिवस मी तोंड लपवून बसले. शेवटी काकूंना फोन केला. काकू इथे तीस वर्षं आहेत. त्यांच्यापुढे मी अजून परवाच विमानातून उतरल्यासारखी बोलते. मी तोंडघशी पडल्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकू, तुम्हीच ग्रुपवर कळवा. त्या दिवशी एका छोट्या हॉलमध्ये दुसरीच मॅच आहे, कोणी यायची गरज नाही."

"का नाही यायचं? ती तर खेळणार आहे ना?" काकू म्हणाल्या. "आम्ही तुझ्या मुलीला बघायला येणार होतो, त्या परदेशी बाईला कोण ओळखतंय? पण मला सांग, हा शेवटचा भाग आहे म्हणतेस, मग आधीचे भाग आम्हाला कुठे माहीत आहेत? आधीची गोष्ट एका कागदावर लिहून दे. मराठीत. ट्रेनमध्ये वाचू."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आधीची गोष्ट मलाही माहीत नाही.

खेळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी वही घेऊन नवऱ्यासमोर बसले. तो फिती गुंडाळत होता. म्हटलं, "सांग. पहिल्यापासून." आणि हा माणूस, जो ऑफिसच्या पार्टीला जाऊन आला तरी "बरी झाली" एवढंच सांगतो, दुपारचे दोन वाजेपर्यंत बोलत होता. पहिली हार चार मिनिटांत. सहा महिन्यांनी दुसरी, सात मिनिटांत, पण तेव्हा ती उलट्या कोळंबीतून हाताने सरपटत दोरापर्यंत पोहोचली होती. दोराला हात लागला की पकड सोडावीच लागते. त्यानंतर दोघींची जोडी झाली. वर्षभर जोडीने खेळल्या, विजेत्या जोडीचा पट्टा जिंकला. मग एकदा हिने मारलेला कोपर चुकून सेनपाईलाच बसला, पट्टा गेला आणि सेनपाई हिला रिंगमध्ये एकटी सोडून चालती झाली. तिसरी मॅच अकरा मिनिटांची. चौथी पंधरा. मधेच सेनपाईचा गुडघा गेला, तेव्हा इतर सगळ्या तिच्या त्या पायावर मारायच्या, आपली लेक मात्र कधी मारायची नाही, आणि त्यामुळेच हरायची. सेनपाईने माइकवर सांगितलं होतं, माझी कीव करणारीशी मी खेळत नाही.

"चार, सात, अकरा, पंधरा," मी वहीत लिहिलेले आकडे पाहत म्हणाले.

"म्हटलं होतं तुला. दर वेळी उशिरा हरते."

मी लॅबमध्ये आयुष्यभर हेच तर मोजत आले आहे. एखादी पट्टी शेवटी मोडते यात काही विशेष नसतं. ती किती टिकली त्यावर सगळं असतं. हे मला कोणी घरात बसून सांगत होतं आणि मी नाक मुरडत होते. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग, अगदी हळू, अभिमान वाटायला लागला. तीन वर्षं, हॉलभर लोकांच्या डोळ्यांदेखत, या दोघींनी एक गोष्ट थोडी थोडी पुढे नेली होती आणि कोणीही तिला मध्येच सोडलं नव्हतं. एका दुपारच्या ड्रीम मॅचमध्ये हे कुठून येणार?

कागद दोन्ही बाजूंनी भरला. सगळं लिहिलं, आकडे, पट्टा, कोपर, गुडघा. दोर धरण्याचं तेवढं लिहिलं नाही. ते गोष्टीत येतं असं मला वाटलंच नाही.

रविवारी दुपारी छत्तीस मराठी माणसं त्या हॉलमध्ये शिरली आणि अध्यक्ष तिकिटं फाडता फाडता थांबून पाहत राहिले. काकूंनी ट्रेनमध्ये सगळ्यांकडून कागद वाचून घेतला होता, एखाद-दोघांची उजळणीही घेतली होती. "गुडघा उजवा की डावा?" असं एक काका मला दारातच विचारत होते. नवऱ्याने प्रत्येकाच्या हातात एकेक केशरी गुंडाळी दिली आणि दोनदा समजावलं, निवेदक आधी गावाचं नाव घेईल, मग हिचं, हिचं नाव संपलं की फेकायचं.

समजावून काय उपयोग? आपण लहानपणापासून लग्नांत अक्षता टाकत आलो आहोत. कोणी लांबलचक सूर लावला आणि थांबला की आपला हात आपोआप उठतो. निवेदकाने "इचिकावाऽऽ" असा सूर लावला आणि श्वास घ्यायला थांबला, तोच मराठी बाकांवरून वीसेक फिती उडाल्या. हॉल हसायला लागला. निवेदकही हसला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तेव्हा बाकीच्या जपानी चाहत्यांनी बरोबर वेळेवर फेकल्या. पण आमच्यातल्या काहींच्या गुंडाळ्या हातातच राहिल्या होत्या. सेनपाईचं नाव पुकारलं, तिच्या जांभळ्या फिती उडाल्या, आणि त्यांच्यात सात-आठ केशरीही गेल्या. मी कपाळाला हात लावला. इथे दुसरीचा रंग कोणी असा टाकत नाही.

काकू म्हणाल्या, "का? दोघींवर टाकायच्या ना?"

एक केशरी फीत सेनपाईच्या खांद्यावर पडली. तिने ती पाहिली आणि झटकली नाही. नव्या मुलींनी धावत येऊन रिंग साफ करताना ती काढून नेली.

मॅच मी सगळी सांगू शकणार नाही, कारण बऱ्याच वेळा मी डोळे मिटले होते. एवढं आठवतं की सातव्या मिनिटाला नवऱ्याने माझ्या हातावर बोटाने टिचकी मारली, अकराव्याला पुन्हा, पंधराव्याला पुन्हा. त्यानंतर लेक सेनपाईच्या उजव्या गुडघ्यासमोर उभी राहिली, पाय उचलला आणि थांबली. सेनपाईने स्वतःच्याच गुडघ्यावर हात मारला आणि ओरडली, "इथे!" लेकीने मारलं. सेनपाई कोसळली. माझ्या मागे कागद वाचलेले ते काका "बरोबर! उजवा!" म्हणून रडायला लागले होते.

आणि मग सेनपाईने तिला पालथं पाडलं. तीच पकड, पहिल्या दिवसाची. लेकीचं अंग कमरेतून उलटं वाकलं. दोर तिच्या बोटांपासून हातभर लांब होता. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. मी मराठीत, छाती फुटेपर्यंत ओरडत होते, "दोर धर! दोर धर गं!" तीच मी, जिने दोर धरण्यावरून तिला नोकर म्हटलं होतं. माझ्या पाठोपाठ छत्तीस माणसं ओरडायला लागली, आणि मग शब्द न कळताही सगळा हॉल "दोर धर" म्हणायला लागला. तिने सरपटत जाऊन दोर धरला.

पण ती हरली. तेविसाव्या मिनिटाला सेनपाईने तिला मागून उचलून मानेवर टाकलं आणि पंचांचा हात तीनदा जमिनीवर पडला.

जाणारी माणसं शेवटी हरून जातात, पुढच्यांना जिंकवून जातात, असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. मी तशीच आशा धरून बसले होते. एवढं स्टेडियम, एवढी ती जगप्रसिद्ध बाई, सगळं सोडून हिच्या पदरात काय पडलं? पाचवी हार. इतका राग आला होता की सेनपाईसाठी निरोपाच्या दहा घंटा वाजल्या त्या मी धड ऐकल्याही नाहीत.

घंटा संपल्या. सेनपाईने चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. आता बाहेर जायचं. लेक कशीबशी उठली आणि सवयीने दोरांकडे गेली, तीन वर्षं जात होती तशी, सेनपाईला वाट करून द्यायला. ती मधल्या दोरावर बसणार इतक्यात सेनपाईने तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. आणि स्वतः बसली. तो उजवा गुडघा वाकत नव्हता. दोनदा प्रयत्न करून ती मधल्या दोरावर बसली, हाताने वरचा दोर उचलला आणि मान खाली घातली.

लेक हलेना. मग ती कमरेतून पूर्ण वाकली, आणि वाकलेलीच त्या दोरांमधून पुढे, आधी, बाहेर गेली. कोणी टाळी वाजवली नाही. माझ्या शेजारचा एक वयस्क जपानी गृहस्थ टोपी काढून बसला होता.

"काय झालं गं?" काकूंनी हळूच विचारलं. "हे कागदात नव्हतं."

"लिहायचं राहिलं, काकू," मी म्हणाले.

मंडळी पुढच्या गाडीने गेली. आम्ही दोघं थांबून फिती गोळा करत बसलो. जांभळ्या, केशरी, सगळ्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत. लेकीने रिंग सोडवली, फळ्या व्हॅनमध्ये भरल्या. नव्या मुली तिच्या हातातून फळ्या घेऊ पाहत होत्या आणि ती देत नव्हती. भावाला काय उत्तर द्यायचं ते मला आता माहीत होतं, पण त्याला ते फोनवर कळलं नसतं. माझ्या हातातली पिशवी नवऱ्याने काढून घेतली तरी मला समजलं नाही.

स्टेशनच्या फलाटावर अजून उजेड होता. बाकावर आम्ही तिघं बसलो. पलीकडे खेळ पाहून निघालेले दहा-बाराजण उभे होते, ते आदराने लांबच थांबले होते. मी काकूंनी ठेवलेला डबा उघडला.

"वडा खाणार?" मी विचारलं. नियमात बसणारं तेवढंच होतं.

तिने वडा घेतला. अर्धा खाल्ला. मग एकदा त्या चाहत्यांकडे पाहिलं, माझ्याकडे सरकली, आणि त्यांना कळू नये म्हणून अडखळत, कित्येक वर्षांनी, मराठीत म्हणाली, "आई, हरायचं ठरलेलं होतं. तिने दोर धरला, ते नव्हतं."